मास्तरांचे मास्तर

आमच्या गावच्या शाळेत चित्रकलेचा तास शनिवारी सकाळी असे. त्या तासाला ड्रॉइंग मास्तर फळ्यापाशी उभे राहून, खडूचा तुकडा बोटांत आडवा धरून, हात एकदाही न उचलता आंब्याची अशी काही बाह्यरेषा ओढीत, की देठाजवळची खोलगट जागा, पोटाचा फुगवटा आणि टोकाशी आलेली किंचित वाकडी चोच ही तिन्ही त्या एका ओढीतच सिद्ध होत. मग उजेडाकडच्या अंगाला खडू दाबून आणि सावलीकडे तो हलका हलका करीत नेऊन ते त्या रेषेला गोलाई आणीत, आणि शेवटी खडूचे टोक एका जागी नुसते टेकवून एक ठिपका देत. तो ठिपका म्हणजे खिडकीतून आंब्यावर पडलेला उजेड होय, हे आम्हां पोरांना कुणी न सांगताच कळे.

पुढे बऱ्याच वर्षांनी, चित्रकलेची पदविका पदरात पाडून, मी आर्ट मास्टरच्या अभ्यासक्रमाला दाखल झालो. ‘ए.एम.’ या दोन अक्षरांनी तो त्या काळी ओळखला जाई, आणि चित्र काढणाऱ्याला चित्र शिकवणारा करणे हे त्याचे काम असे. फलकचित्रणाच्या पहिल्याच तासाला आमचे वयोवृद्ध अध्यापक फळ्याकडे वळले, त्यांनी खडू आडवा धरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तोच आंबा, त्याच ओढीने, त्याच वाकड्या चोचीसह फळ्यावर अवतरला. तास संपल्यावर धीर करून मी त्यांना म्हणालो, “सर, आमच्या शाळेचे मास्तर अगदी असाच आंबा काढायचे.” त्यांनी मास्तरांचे नाव आणि गाव विचारले व क्षणभर आठवून म्हणाले, “म्हणजे तो माझ्याच हाताखालून गेलेला.” मग त्यांनी आपली हकीकत सांगितली. लहानपणी वडील वारल्यामुळे ते सोलापुरात एका पेंटरच्या दुकानी कामाला राहिले होते. दुकानांच्या पाट्या रंगवणे हे तेथले काम, आणि ‘ळ’ हे अक्षर लिहिताना ब्रश मध्येच उचलला तर जोड दिसतो म्हणून मालक ती पाटी पुसून पहिल्यापासून लिहायला लावीत. “आंबा कसला रे,” ते म्हणाले, “तो ‘ळ’चा अर्धा भाग आहे.”

सोलापूरच्या कुठल्याशा किराणा दुकानाच्या पाटीवरचा तो ‘ळ’ दोन पिढ्यांचे अंतर ओलांडून आमच्या शनिवारच्या तासाला आंबा होऊन आला, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. पाठ्यक्रम सरकारदरबारी छापला जातो आणि दप्तरी दाखल होतो. परंतु शिक्षकांना चित्रकला शिकवणारा मनुष्य आपल्या पूर्वायुष्यातून, आपल्या गावातून आणि बहुधा आपल्या घरच्या धंद्यातून जे हातात घेऊन येतो, तेच त्याच्या विद्यार्थी-शिक्षकांच्या हातांवाटे खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचते, अशी माझी पक्की धारणा झाली आहे. तेव्हापासून असा कोणी अध्यापक भेटला की तो कोणत्या शैलीत चित्रे काढतो हे विचारण्याआधी तो कुठून आला हे मी विचारीत आलो आहे, आणि जे हयात नाहीत त्यांच्याविषयी जुन्या कागदपत्रांतून तोच प्रश्न करीत आलो आहे.

या परंपरेचे मूळ पाहू गेल्यास ते मुंबईत सापडते. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून, २ मार्च १८५७ रोजी, एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत चित्रकलेचा वर्ग सुरू झाला; तोच पुढे सर जे.जे. कलाशाळा म्हणून ओळखला जाऊ लागला. या देशातील कारागिरांचा हात सुधारावा, ही त्यामागची भावना. पद्धत आणली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. तिच्यात प्लास्टरचे साचे समोर ठेवून रेषा मोजून-मापून काढायची, आणि पानाफुलांची नक्षी भूमितीच्या चौकटीत बसवायची. १८६६ साली तीन कार्यशाळा उघडल्या. जॉन ग्रिफिथ्सकडे सजावटीचे चित्रण, लॉकवुड किपलिंगकडे मातीकाम व शिल्प, आणि हिगिन्सकडे नक्षीदार लोखंडकाम.

किपलिंगचे पूर्वचरित्र येथे पाहण्याजोगे आहे. इंग्लंडातील स्टॅफर्डशर परगण्यात चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तेथल्या बर्सलेम गावी उमेदवारी करून या माणसाचा हात घडला होता. तो १८६५ साली मुंबईस आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कलाशाळेच्याच आवारात त्याचा मुलगा रुडयार्ड जन्मला. ज्याची बोटे भट्टीच्या मातीत वाढली त्याला येथला कुंभार व पाथरवट परका कसा वाटावा? १८७० साली सरकारच्या सांगण्यावरून त्याने हिंदुस्थानातील विणकर, लाकूडकाम करणारे, कापूस पिंजणारे अशा कारागिरांची रेखाटने केली. ती पाहताना हत्यार कसे धरले आहे, पायाच्या अंगठ्याने काम कसे दाबून ठेवले आहे, याकडे त्याची नजर सर्वप्रथम गेलेली दिसते. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवर त्याने घडवलेली उठावशिल्पे आजही आहेत, आणि भाजी घ्यायला जाणाऱ्याने पिशवी खाली ठेवून दोन मिनिटे मान वर करावी एवढ्या योग्यतेची आहेत. १८७५ साली तो लाहोरच्या मेयो स्कूलवर मुख्य म्हणून गेला.

ग्रिफिथ्स हा वेल्सचा. १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तो अजिंठ्यास मुक्काम करीत असे आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत असे. त्या प्रतिकृती लंडनला रवाना झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा तेथील आगीत जळाल्या, ही दुःखाची गोष्ट खरी. तथापि वाघूर नदीच्या त्या वळणावर, कंदिलाच्या व परावर्तित उजेडात, ज्या पोरांनी पद्मपाणीच्या भुवईची रेषा पुनःपुन्हा गिरवली, त्यांच्या मनगटातून ती कोणती आग काढून घेणार होती? साउथ केन्सिंग्टनचे साचे आणि अजिंठ्याची रेषा ही दोन्ही एकाच शिक्षकाच्या हाताखाली या संस्थेत शिरली, आणि पुढच्या शंभर वर्षांचा तंटा तेथेच सुरू झाला.

१८७९ साली या संस्थेत चित्रकला विषय म्हणून शिकवण्यास आरंभ झाला आणि १८९३ साली ड्रॉइंग शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. माझ्या विषयाच्या दृष्टीने ही दुसरी तारीख मोलाची आहे. कारण तोवर येथून चित्रकार व कारागीर बाहेर पडत, आणि त्या वर्षापासून हातात प्रमाणपत्र आणि काखेत ड्रॉइंग बोर्ड घेतलेला एक नवा मनुष्य मुंबई इलाख्याच्या हायस्कुलांतून रुजू होऊ लागला. ग्रेडच्या परीक्षा, म्हणजे आपल्या घरोघरी ‘एलिमेंटरी-इंटरमिजिएट’ या जोडनावाने माहीत असलेल्या परीक्षा, याच माणसाने तालुक्याच्या गावापर्यंत नेल्या. वस्तुचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द ज्या घरात दुसरी कोणतीही कला पोहोचली नव्हती त्या घरात पोहोचले ते याच्यामुळे.

या वर्गांना शिकवणाऱ्यांत पहिले ठळक देशी नाव महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले हे पाठारे प्रभू गृहस्थ १८९० साली विद्यार्थी म्हणून त्या आवारात शिरले आणि १९३१ पर्यंत तेथेच राहिले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे नाव दिले ते उगाच नव्हे. १९३० साली संचालकपदाची हंगामी सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. इलाख्यातील शाळांच्या चित्रकला-हस्तकलेच्या तपासनीसाचेही काम त्यांनी केले. मला मात्र त्यांच्या हुद्द्यांपेक्षा त्यांच्या रेखाटनातली माणसे अधिक बोलकी वाटतात. लग्नघरातली धांदल, मंगळागौरीच्या मुली, नऊवारीचा काष्टा आणि पदराची नेमकी पडण, बाजारहाटातून येणारी बाई, हे सारे त्यांनी इतक्या आत्मीयतेने टिपले, की प्लास्टरच्या ग्रीक देवतांवर शिकलेली छायाप्रकाशाची विद्या त्यांच्या हाती आली आणि मराठी माजघरात येऊन बसली. त्यांच्या हाताखालून जे शिक्षक गेले ते शाळेत गेल्यावर स्मरणचित्राच्या तासाला ‘पाणवठा’ आणि ‘आठवड्याचा बाजार’ हे विषय देऊ लागले असतील, तर त्याचे श्रेय मी पाठ्यक्रमाला देणार नाही.

त्यांच्याच पिढीतले अँटोनियो झेवियर त्रिंदाद हे गोव्याचे, १८७० साली सांगे येथे जन्मलेले. ख्रिस्ती घरात आणि पोर्तुगीज अमलाखाली वाढलेल्या या चित्रकाराने तैलरंगातले व्यक्तिचित्रण मुंबईच्या विद्यार्थ्यांना शिकवले. अंधारातून चेहरा उजेडात आणण्याची त्यांची हातोटी अशी, की लोक त्यांना पूर्वेकडचा रेम्ब्राँ म्हणत. त्यांची कन्या आंजेला हीदेखील चित्रकार झाली. १९१९ साली मुख्य म्हणून आलेला ग्लॅडस्टन सॉलोमन हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि लष्करात कॅप्टन राहिलेला मनुष्य. जिवंत नमुना समोर बसवून अभ्यास करण्याचा आणि भिंती रंगवण्याचा त्याने धडाका लावला, आणि नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंतीवर मुंबईच्या विद्यार्थ्यांचे हात उमटले.

जगन्नाथ मुरलीधर अहिवासी यांच्याविषयी लिहिताना मात्र लेखणी थोडी रेंगाळू द्यावीशी वाटते. मथुरेच्या बाजूच्या व्रजभूमीतले हे घराणे. वडील वैष्णव हवेलीत, म्हणजे मंदिरात, कीर्तन करणारे. ठाकुरजींसमोर पदे गात, देवामागे टांगलेल्या पिछवाईवरच्या गाई आणि कमळे रोज पाहत हा मुलगा वाढला, आणि पुढे मुंबईच्या कलाशाळेत भारतीय चित्रशैलीचा वर्ग शिकवू लागला. हवेलीसंगीत त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. ज्याच्या कानात धमाराचा ठेका आहे त्याची रेषा श्वास धरून चालते आणि समेवर येऊन थांबते, असे मला त्यांची चित्रे पाहताना वाटत आले आहे. हे मत शास्त्राच्या कसोटीला उतरेल असा माझा दावा नाही, पण ते मी सोडणारही नाही. त्यांच्या वर्गातून शंकर पळशीकर गेले. भंडारा जिल्ह्यातील साकोलीला जन्मलेले पळशीकर १९६८ ते १९७५ या काळात संस्थेचे अधिष्ठाता होते. व्रजातील एका देवघराचा ठेवा झाडीपट्टीच्या मुलाच्या हाती आला आणि त्याच्या शिष्यांकरवी कुठल्या कुठे गेला.

मुंबईच्या या धाग्याखेरीज महाराष्ट्रात आणखी एक धागा आहे, आणि त्याच्याकडे आपण फार कमी लक्ष दिले. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा गांधीजींच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणारे साहित्य यांतून सजावट उभी केली. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम आली. ती राबवण्यासाठी शिक्षकच नव्याने घडवणे प्राप्त होते, आणि ते काम ज्यांनी शिरावर घेतले ते आर्यनायकम् सिलोनचे, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली, आणि दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. १९४४ साली त्यांच्यात देवीप्रसाद येऊन मिळाले. डेहराडूनला जन्मलेल्या आणि कलाभवनात नंदलालांच्या हाताखाली शिकलेल्या या तरुणाने १९६२ पर्यंत वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात मुलांना आणि शिक्षकांना चित्रे काढायला व चाकावर भांडी घडवायला शिकवले. कला हा शिक्षणाचा एक विषय नसून शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांचे म्हणणे. आणि ते त्यांनी कुंभाराच्या चाकावर बसून मांडले, म्हणून मला ते पटते.

गेल्या वर्षी मी सेवाग्रामला गेलो तेव्हा बापूकुटीच्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होतो. मातीच्या लिंपणातच बोटांनी उठवलेली शिंदीची झाडे आणि चरखा तेथे आहेत. ती मीराबेनची, म्हणजे एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीची करणी. झाडाच्या एका झावळीवर बोट फिरलेले स्पष्ट दिसते. माती ओली असताना एकदाच फिरलेले आणि मग तसेच वाळू दिलेले. शेजारी गावच्या शाळेतल्या एक बाई मुलांची सहल घेऊन आल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, “आमच्या आजीच्या घरी कणगीवर असंच काढायचे.” मुलांना त्यांनी भिंतीला हात लावू दिला नाही, पण हवेतल्या हवेत बोट फिरवून दाखवायला लावले, आणि तीस पोरांनी एकाच वेळी हवेत शिंदीची झावळी काढली.

दूरदेशीचे एक उदाहरण आमच्या ए.एम.च्या ग्रंथालयातच होते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या लेखकाचे जाडजूड पुस्तक आम्ही परीक्षेपुरते वाचीत असू. हा ग्रंथकर्ता कोण, कुठला, हे आम्हांला कुणी सांगितले नाही. १९०३ साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे जन्मलेला हा मनुष्य व्हिएन्नात अंध मुलांच्या शाळेत शिकवीत होता. ज्यांना दिसत नाही ती मुले मातीत चेहरे घडवतात, आणि घडवताना जबड्याचा ताण, गालाचे भरलेपण हे आतून जाणवलेले आकार आधी करतात, हे त्याने रोज पाहिले. १९३८ साली नाझी आले आणि या ज्यूला देश सोडावा लागला. अमेरिकेत त्याला आसरा मिळाला तो व्हर्जिनियातील हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात. तेथे जॉन बिगर्ससारखा चित्रकार त्याच्या हाताखाली घडला. १९४६ साली तो पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात गेला, तेथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या शिक्षकांना कलाशिक्षण शिकवू लागला, आणि १९४७ साली त्याचे ते पुस्तक निघाले. काही माणसे डोळ्याने जग घेतात आणि काही अंगाने, हा त्याचा सिद्धांत आम्ही पाच गुणांची टीप म्हणून पाठ केला. त्यामागे व्हिएन्नातल्या आंधळ्या पोरांचे मातीने माखलेले हात आहेत हे तेव्हा ठाऊक असते, तर माझ्या पहिल्या नोकरीत, वर्गात चित्र काढायचे सोडून कागद नुसता चुरगाळीत बसणाऱ्या मुलावर मी ओरडलो नसतो.

इकडे महाराष्ट्रात कला संचालनालय १९६५ साली स्थापन झाले, पुढे ए.एम.चे नाव कला-शिक्षण पदविका झाले, जे.जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तेथे कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. अंशकालीन म्हणजे जो वर्षभर आपल्या पुढच्या नेमणुकीच्या चिंतेत असतो तो. शिक्षकांना शिकवणाऱ्या अध्यापकाच्या अर्जात शैक्षणिक अर्हता, जन्मतारीख, अनुभवाचे दाखले यांचे रकाने आहेत आणि ते असावेत. परंतु घरी कोणते काम चालत असे, कोणत्या हत्याराने तुमचा हात प्रथम धरला, हा रकाना कुठेच नाही, आणि म्हणून निवड समितीपुढे जो बसतो त्याच्यातला अर्धा मनुष्य बाहेरच राहतो, असे मला कळकळीने वाटते.

गेल्या पावसाळ्यात कला-शिक्षण पदविकेच्या एका वर्गात चार दिवस जाऊन बसण्याची मुभा मला मिळाली. संकल्पचित्र शिकवणाऱ्या बाईंची आई वाकळा शिवणारी. त्या रंगसंगती समजावताना जुन्या लुगड्यांचे तुकडे टेबलावर पसरतात आणि कोणता तुकडा कोणाशेजारी ‘बसतो’ एवढेच विचारतात. मातीकाम शिकवणारे सर पेणचे. तीन पिढ्यांचा गणपतीचा कारखाना. शाडूचा गोळा त्यांनी पाटावर आपटला, अंगठ्याने दाबून मांडी काढली, आणि एका उतावळ्या मुलाने तोंडाकडे कोरणी नेताच त्याचा हात धरून म्हणाले, “आधी बैठक. बैठक चुकली तर देव कलतो. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी, तीसुद्धा घरात शांत असेल तेव्हा.” शिकवण्याविषयीची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत, परंतु वर्गात कशाच्या आधी काय यावे हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

त्या वर्गात जव्हार तालुक्यातली एक वारली मुलगी होती. आश्रमशाळेत शिकून, चित्रकलेची पदविका घेऊन, आता शिक्षिका होण्यासाठी आलेली. पहिले तीन दिवस ती मागच्या बाकावर बसून प्रमाणबद्ध वस्तुचित्रे काढीत होती आणि खोडरबर फार वापरीत होती. चौथ्या दिवशी पेणच्या सरांनी तिला विचारले, “ताई, तुमच्याकडे लग्नाचा चौक कोण लिहितं?” ती म्हणाली, “आई. आणि मावशी. मी हाताशी असते.” “मग आज तास तुमचा,” ते म्हणाले.

तिने तांदूळ भिजवून वाटून आणवले, फरशीवर गेरूने सारवलेला पुठ्ठा ठेवला, बांबूची काडी दातांनी चावून तिचे टोक मऊ केले. तिच्याभोवती चोवीस विद्यार्थी गोल करून बसले. त्यांत मांडी घालून सरही बसले. तिने दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले, त्यांतून एक बाई उभी राहिली, मग तिचा हात धरून दुसरी, मग तिसरी. सरांनी काडी मागून घेतली आणि तोच आकार काढू लागले. शाडूची सवय असलेला त्यांचा अंगठा काडीवर घट्ट बसला होता आणि रेषा मध्येच जाड होत होती.

“सर,” ती हळूच म्हणाली, “बोटं इतकी आवळू नका.” आणि तिने त्यांचा अंगठा धरून थोडा मागे सरकवला.